बांगडी पिचण्याआधी

पाटोद्याच्या बाजारपेठेत रमजानचा निम्मा महिना सरला की मणियाराच्या दुकानात दोन कामे एकदमच सुरू होतात. इफ्तार आणि मगरिबच्या नमाजनंतर गिऱ्हाईक, आणि दिवसा, रोजाच्या शांत दुपारी, मालाची मोजणी. जकातीचा हिशोब चांद्रवर्षाचा. वर्ष पुरे झाले की घरची शिल्लक आणि दुकानातला विक्रीचा माल यांची आजच्या भावाने किंमत धरून अडीच टक्के गरिबाचा वाटा काढायचा. अनेक व्यापारी हा हिशोब रमजानमध्येच करतात. म्हणून फळीवरचे, माळ्यावरचे, वर्षभर हात न लागलेले खोके या महिन्यात खाली उतरतात.

आणि दरवर्षी त्यातून एक कोडे निघते. सुतळी न सुटलेला, कुणी न हाताळलेला खोका. आत कागदात गुंडाळलेल्या बांगड्या. त्यातल्या चार-सहा पिचलेल्या. खोका पडला नाही, त्यावर ओझे आले नाही, उंदीर शिरला नाही. मग काच पिचली कशी?

मोजणी करणाऱ्याला हा प्रश्न तोट्याचा वाटतो. पण पाटोद्यासारख्या गावात तो तोट्याहून मोठा आहे. येथे मणियाराच्या हातून ईदच्या बांगड्या जातात, तसाच लग्नाचा हिरवा चुडाही जातो, डोहाळजेवणाच्या बांगड्याही जातात. बांगडीशी बाईच्या सौभाग्याची कल्पना इतकी जोडली गेली आहे की मराठीत ‘बांगडी फुटली’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘वाढली’ म्हणतात, ‘पिचली’ म्हणतात. नव्या नवरीच्या हातातली बांगडी आपोआप तडकली, की घरातली एखादी म्हातारी तोंडाला पदर लावते. बोट त्या पोरीच्या पायगुणाकडे जाते. दोष काचेचा, आणि बोल पोरीला. तेव्हा काच का पिचते हे समजून घेणे हे नुसते कारागिराचे काम नाही.

तीन संशयित

पिचलेली बांगडी फेकण्याआधी उजेडात धरून पाहावी. चीर कुठून गेली आहे, हे बरेच काही सांगते.

चीर बांगडीच्या सांध्यावर असेल, तर संशय जोडकामावर. प्रत्येक काचेची बांगडी कुठेतरी जोडलेली असते. नखाने चाचपले तर तो बारीक उंचवटा लागतो. चीर रंगाची पर्वा न करता सरळ आरपार गेली असेल, तर बहुधा धक्का लागला किंवा काच भट्टीबाहेर फार घाईने निवली. पण चीर जर एका रंगाच्या कडेकडेने गेली असेल, म्हणजे लाल पट्टी जिथे पांढऱ्या काचेला लागते नेमकी त्या रेषेवरून, तर संशय तिसऱ्यावर जातो: त्या दोन काचा एकमेकींना जुळणाऱ्याच नव्हत्या.

हा तिसरा दोष सर्वांत फसवा. पहिल्या दोन दोषांत कारागिराचा हात चुकलेला असतो. तिसऱ्यात हात अगदी सफाईदार असू शकतो, आणि तरीही बांगडी पिचते. कधी भट्टीतून निघताच, कधी आठवड्याने, कधी सहा महिन्यांनी खोक्यात पडल्या पडल्या.

एका बांगडीत किती काचा?

पाटोद्यात विकली जाणारी काचेची बांगडी बहुतेक उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून आलेली असते. त्या शहरात हाजी रुस्तम उस्ताद यांना बांगडी उद्योगाचे जनक मानतात आणि त्यांच्या नावाने दरवर्षी मेळा भरतो. तिथली पद्धत थोडक्यात अशी. भट्टीतून लोखंडी सळईच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा काढतात. तो एका रंगाचा असला तर प्रश्न नाही. पण नक्षीदार माल हवा असेल तर त्या गोळ्यावर दुसऱ्या रंगाची तापलेली काच चढवतात, कधी तिसरीही. मग त्या गोळ्यातून काचेची तार ओढत फिरत्या रुळावर गुंडाळतात. रुळाला ‘बेलन’ म्हणतात. रुळावरून निघते ते काचेचे लांब वेटोळे, स्प्रिंगसारखे. ते एका रेषेत कापले की तोंडे उघडी असलेली कडी सुटतात. त्यांची तोंडे सरळ समोरासमोर आणणे म्हणजे ‘सधाई’ आणि ज्योतीवर ती तोंडे वितळवून चिकटवणे म्हणजे ‘जुडाई’. ही कामे घराघरांतून चालतात. बायका-मुली दिवस दिवस त्या ज्योतीपुढे बसतात.

म्हणजे पाटोद्याच्या पोरीच्या मनगटावर जी एक बांगडी दिसते, ती खरे तर दोन-तीन काचांचा संसार असते. सांध्याला एकाच काचेची दोन टोके भेटतात. तिथे स्वभावाचा प्रश्न येत नाही. रंगाच्या पट्टीला मात्र वेगळी काच वेगळ्या काचेला भेटते.

गरम असताना सगळ्याच जुळतात

काच तापली की मऊ होते, मधासारखी वाहते. त्या अवस्थेत जवळजवळ कोणतीही काच कोणत्याही काचेला चिकटते. वाहत्या पदार्थात ताण टिकत नाही. म्हणून भट्टीतला जोड पाहून काहीच ठरवता येत नाही. खरी कसोटी निवताना लागते.

निवताना प्रत्येक काच आकसते, पण सगळ्या सारख्या आकसत नाहीत. एक मीटर लांबीची, खिडकीला किंवा बाटलीला वापरतात तशी साधी सोडा-चुन्याची काच एका अंशाने थंड झाली की सुमारे ९ मायक्रॉनने आखूड होते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काचेचे मणी करणारे कारागीर ज्योतीवर जी मऊ काच वापरतात, तिच्यातल्या एका प्रसिद्ध प्रकारात हा आकडा सुमारे १०.४ आहे. आणि गॅसवर ठेवता येणाऱ्या प्रयोगशाळेच्या बोरोसिलिकेट काचेत तो फक्त ३.३ च्या आसपास.

हे आकडे केसाहून बारीक वाटतात. ते बांगडीवर लावून पाहू. ‘दोन-चार’ मापाची बांगडी म्हणजे आतून सव्वादोन इंच व्यास. सरळ केली तर लांबी सुमारे १८ सेंटिमीटर. काच साधारण ५०० अंशांच्या खाली आली की वाहणे थांबवते आणि घट्ट होते. तिथून घरच्या तापमानापर्यंत येताना साध्या काचेची १८ सेंटिमीटरची पट्टी सुमारे पाऊण मिलिमीटर आखूड होते. तेवढ्याच लांबीची मणीकामाची मऊ काच तिच्यापेक्षा दहाव्या हिश्श्याहून थोडे जास्त, सुमारे ०.१२ मिलिमीटर, अधिक आकसते. बोरोसिलिकेट मात्र जवळपास अर्धा मिलिमीटर कमी आकसते.

आता या दोघी एकमेकींना चिकटलेल्या आहेत. एकीला आणखी आत यायचे आहे, दुसरी येऊ देत नाही. जास्त आकसणारी काच ताणली जाते, कमी आकसणारी दाबली जाते. काच दाब खूप सोसते. ताण मात्र तिला सोसत नाही. फरक मोठा असेल तर भट्टीतच तुकडे होतात. मधला असेल तर निवल्यावर टिचकी वाजल्यासारखा आवाज येतो आणि चीर पडते. आणि फरक लहान, पण सोसण्याच्या काठावर असेल, तर बांगडी धडधाकट दिसते, खोक्यात भरली जाते, पाटोद्याला येते. आत ताण तसाच बसलेला असतो. मग कधीतरी थंडीची रात्र, कधी गाडीचा हादरा, कधी नखाएवढा ओरखडा एवढे निमित्त पुरते.

येथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. काच भट्टीबाहेर सावकाश निववली की तिच्यातला ताण जातो, हे खरे. काचकामात त्यासाठी वेगळी निववण्याची भट्टी असते. पण सावकाश निववण्याने जातो तो घाईचा ताण. बांगडीचा बाहेरचा भाग आधी आणि आतला भाग नंतर थंड झाल्याने जो ताण येतो, त्यावर धीर हा इलाज आहे. दोन काचांच्या स्वभावातल्या फरकावर तो इलाज नाही. त्यांना दहा तास निववा की दहा दिवस, शेवटी दोघी घरच्या तापमानाला येतात आणि फरक होता तेवढाच राहतो. म्हणून जोड लावण्याआधीच पारख करावी लागते.

कशाने कळत नाही

पारखीच्या नावाखाली बऱ्याच गोष्टी चालतात. त्यांतल्या काही पुऱ्या पडत नाहीत.

रंगाने कळत नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन हिरव्या काचा दोन वेगळ्या कारखान्यांच्या असतील तर त्यांचे पटेलच असे नाही. उलट गर्द निळी आणि स्वच्छ पांढरी या एकाच मूळ काचेपासून केलेल्या असतील, तर त्या उत्तम नांदतात. निळ्या रंगाला कोबाल्टची चिमूट पुरते. तेवढ्याने काचेचा स्वभाव फारसा बदलत नाही. स्वभाव ठरतो वाळू, सोडा, चुना यांच्या प्रमाणावर. सोडा वाढला की काच मऊ होते आणि जास्त आकसते. बोरॉन घातले की कमी. अपारदर्शक दुधी काचेत घटक अधिक बदललेले असतात, म्हणून तिच्याबाबत जास्त सावध राहावे.

आवाजाने कळत नाही. मणियार दोन बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजवून पाहतो. खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर तडकलेली. ही पारख खरी आहे, पण ती झालेल्या चिरेची. अजून न पडलेल्या चिरेची नाही. ताण पोटात घेतलेली बांगडीही खणखणीतच वाजते.

आकड्यानेही पुरते कळत नाही. विकत मिळणाऱ्या कलाकामाच्या काचेवर प्रसरणाचा आकडा लिहिलेला असतो: ९०, ९६, १०४. हा वर सांगितलेलाच आकडा, फक्त दहापट करून लिहिलेला. ९० ची १०४ शी गाठ घालू नये, एवढे तो नक्की सांगतो. पण दोन्हींवर ९० लिहिले म्हणजे पटेलच, असे तो सांगत नाही. कारण तो आकडा साधारणपणे घरच्या तापमानापासून ३०० अंशांपर्यंत मोजलेला असतो. काच घट्ट होऊ लागते त्या ५०० अंशांच्या आसपास काय घडते, दोघींपैकी कोणती आधी घट्ट होते, हे त्यात येत नाही. खिडकीच्या काचेचा आकडाही ९० च्या जवळपासच असतो. म्हणून ती ९० आकड्याच्या कलाकाचेशी जुळेल असे धरणारे फसतात.

आणि घरातल्या भंगाराने तर मुळीच कळत नाही. सरबताची बाटली, अत्तराची कुपी, चहाचा पेला, फुटलेल्या बांगड्या हे सगळे वितळवून शोभेची वस्तू करावी, असे कुणाही हौशी मुलाला वाटू शकते. कल्पना चांगली आहे. पण तो पेला बोरोसिलिकेटचा असू शकतो, बाटल्या दोन कारखान्यांच्या असू शकतात, आणि बांगड्या तर किती भट्ट्यांच्या असतील याचा पत्ता नाही. अशा कामात एकच नियम पाळावा: एका बाटलीचे तुकडे त्याच बाटलीच्या तुकड्यांशी. एका तावाची काच त्याच तावाच्या काचेशी. एका घाण्यातली काच स्वतःशी नेहमीच जुळते.

कशाने कळते

वेगवेगळ्या काचा जोडायच्याच असतील, तर कारागिरांकडे दोन कसोट्या आहेत.

पहिली तारेची. दोन काचांच्या कांड्या शेजारी शेजारी धरून ज्योतीवर तापवतात, त्यांची टोके एकमेकींत न कालवता फक्त बाजूने चिकटवतात आणि चिमट्याने ओढून बारीक तार काढतात. तारेच्या एका अंगाला एक काच, दुसऱ्या अंगाला दुसरी. तार निवू द्यायची. सरळ राहिली तर दोघींचे बऱ्यापैकी पटते. धनुष्यासारखी वाकली तर पटत नाही. आणि वाकणीच्या आतल्या बाजूला जी काच असेल, ती जास्त आकसणारी. जेवढी वाकणी जास्त, तेवढे वैर जास्त. ही कसोटी ढोबळ आहे. दोन्ही काचा तारेत सारख्या प्रमाणात आल्या नाहीत तर ती चकवते. पण तिला यंत्र लागत नाही. ज्योतीवरचे काम मात्र डोळ्यांना चष्मा लावूनच आणि जाणत्याच्या देखरेखीखाली करावे.

दुसरी कसोटी उजेडाची. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५-१६ च्या सुमारास दाखवून दिले, की ताणाखालची काच तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे वळण बदलते. नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही. पण ध्रुवीकरण करणारे दोन पडदे घेतले, एक दुसऱ्यावर फिरवून पूर्ण अंधार केला आणि मध्ये काच धरली, तर निर्धास्त काच काळीच राहते. ताण असेल तिथे उजेड फुटतो.

यावर आधारलेली पारख अशी. ज्या पारदर्शक काचेवर काम करायचे तिची एक लांब पट्टी घ्यायची. तिच्यावर थोड्या थोड्या अंतरावर निरनिराळ्या रंगांचे लहान तुकडे ठेवायचे. एक तुकडा त्या पट्टीच्याच काचेचा ठेवायचा, हा साक्षीदार. सगळे भट्टीत सुमारे ८०० अंशांवर पुरते वितळवून चिकटवायचे आणि सावकाश निववायचे. मग पट्टी दोन पडद्यांमध्ये धरायची. ज्या तुकड्याभोवती काळोख, तो जुळणारा. ज्याच्याभोवती चंद्राच्या खळ्यासारखे उजेडाचे कडे, तो न जुळणारा. कडे जितके ठळक, तितका ताण मोठा. आणि जर साक्षीदार तुकड्याभोवतीही कडे दिसले, तर सगळीच परीक्षा रद्द. स्वतःचे स्वतःशी वैर असत नाही. याचा अर्थ निववण्यातच घाई झाली.

या साक्षीदार तुकड्याला विसरणारे पुष्कळ. त्याच्याशिवाय दोष काचेचा की आपल्या हाताचा हे ठरत नाही, आणि माणूस स्वतःची घाई काचेच्या माथी मारून मोकळा होतो. ज्या कामात काच दोन-तीन वेळा भट्टीत जायची आहे, तिथे परीक्षाही तितक्याच वेळा तापवून करावी. काही रंग पुन्हा तापवले की स्वभाव बदलतात.

हीच गोष्ट ढोबळमानाने घरीही पाहता येते. लॅपटॉपच्या साध्या एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश आधीच ध्रुवीकृत असतो. पडदा पांढरा ठेवावा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांपुढे धरून तो काळा दिसेपर्यंत फिरवावा आणि मध्ये बांगडी धरावी. पारदर्शक बांगडीत उजळ पट्टे दिसले, तर ती पोटात ताण घेऊन बसली आहे. तो निववण्याचा की न जुळण्याचा, हे एवढ्यावरून कळत नाही; आणि गर्द किंवा अपारदर्शक काचेत काहीच दिसत नाही. प्लास्टिकची बांगडी मात्र इंद्रधनुष्यासारखी चमकते, त्याने घाबरून जाऊ नये.

दख्खनची आठवण

भिन्न रंगांच्या काचा एकत्र बसवण्याचे कसब या मातीला नवे नाही. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खनन केले, तेव्हा बहमनी काळाच्या थरांत बहुरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले, बीडचा मुलूखही त्याच्या अमलाखाली होता. तेव्हाच्या कारागिरापाशी ना आकडे होते, ना प्रकाशाचे पडदे. पण ज्या तुकड्यावर एका काचेची पट्टी दुसऱ्या काचेला आजही धरून आहे, तो तुकडा पाच-सहाशे वर्षे चाललेल्या परीक्षेचा निकालच आहे.

पुढे स्वदेशीच्या काळात हे काम शिकून करण्याची जिद्द महाराष्ट्राने धरली. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे त्यातून काच कारखाना निघाला. परदेशात काचशास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. हात वळवून घेण्याबरोबर काचेचे शास्त्रही शिकावे लागते, हे त्या माणसांनी ओळखले होते.

रमजानच्या संदर्भात आणखी एक काच आठवते. कुरआनच्या सूरह नूरमध्ये अल्लाहच्या प्रकाशाला कोनाड्यातल्या दिव्याची उपमा दिली आहे, आणि तो दिवा काचेच्या आत आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांत इजिप्त आणि सीरियात ममलूक सुलतानांच्या मशिदींसाठी काचेचे टांगते दिवे घडवले गेले. त्यांच्या गळ्याभोवती अनेकदा हीच आयत लिहिलेली असते. कैरोतल्या सुलतान हसन यांच्या मशिदीचे असे दिवे तिथल्या इस्लामी कला संग्रहालयात आहेत. ती अक्षरे साध्या रंगाची नाहीत. रंगीत काचेची पूड करून तिचा लेप दिव्यावर लावायचा आणि दिवा पुन्हा भट्टीत घालायचा. लेपाची काच आधी वितळली पाहिजे, दिव्याची वितळता कामा नये. आणि निवताना दोघींचे पटले पाहिजे. लेपाची काच दिव्याच्या काचेहून किंचित कमी आकसली तर उलट बरे. ती दाबाखाली राहते आणि घट्ट बसते. जास्त आकसली, तर आयतीची अक्षरे खपलीसारखी उडाली असती. ती उडाली नाहीत.

ओल्या धान्याची गोष्ट

आता पुन्हा पाटोद्याच्या दुकानात. मोजणीत पिचलेल्या बांगड्या बाजूला निघाल्या. त्यांची किंमत जकातीच्या हिशोबात चांगल्या मालाच्या भावाने धरायची नाही, एवढे सरळ आहे. अवघड प्रश्न आहे तो त्याच खोक्यातल्या उरलेल्या बांगड्यांचा. त्या अजून पिचलेल्या नाहीत. खणखणीत वाजतात. त्याच भट्टीच्या, त्याच दोन रंगांच्या आहेत. चाँदरातीला दुकानात उभे राहायला जागा नसते, आणि समोर उभी मुलगी विचारते, “चाचा, तडकायच्या नाहीत ना?”

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना एका धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. विचारल्यावर विक्रेत्याने पाऊस पडल्याचे सांगितले. तेव्हा त्यांनी विचारले, की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. पाऊस पाडणे विक्रेत्याच्या हाती नव्हते. त्याचा दोष ओल झाकण्याचा होता.

काचेतला ताण ही तशीच आतली ओल आहे. ती मणियाराने आणलेली नसते. फिरोजाबादच्या ज्योतीपुढे बसलेल्या बाईनेही नसते; तिच्या हाती आलेली काच दुसऱ्याच कुणी कालवलेली असते. पण खोका उघडल्यावर ज्याला ती कळली, त्याच्यावर ती सांगण्याची जबाबदारी येते. ज्या खोक्यात रंगाच्या कडेने पिचलेल्या बांगड्या निघाल्या, तो खोका वेगळा ठेवावा, घाऊक व्यापाऱ्याला परत करावा, किंवा गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून कमी भावात द्यावा. आणि पुढच्या खरेदीला, दुरंगी माल घेताना, दोन डझन आधी नेऊन महिनाभर ठेवून पाहावा. ही साधी परीक्षा कुणालाही जमते.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. इस्लाममध्ये अपशकुन मानायला जागा नाही. प्रेषितांनी तो स्पष्टपणे नाकारला आहे. आणि संतांनी अंधश्रद्धेवर कोरडे ओढलेल्या महाराष्ट्रात ही शिकवण कुणालाच परकी वाटू नये. नव्या नवरीची बांगडी आपोआप पिचली, तर तिच्या पायगुणाकडे पाहण्याआधी बांगडीकडे पाहावे. चीर कुठून गेली आहे? सांध्यावरून, आरपार, की रंगाच्या कडेने? उत्तर काचेतच असते.

बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली कुटुंबे साखर कारखान्यांचा हंगाम संपला की परततात. ईद त्या दिवसांत आली, की त्यांच्या लेकी हातात मोजकेच पैसे घेऊन बाजारात येतात. त्यांच्यासाठी एक डझन बांगड्या म्हणजे सहा महिन्यांच्या कष्टांनंतरचा एक रंग. तो रंग ईदच्या सकाळी शीरखुर्म्याची वाटी उचलताना मनगटावर शाबूत असावा, एवढीच त्यांची अपेक्षा.

मणियार मुलीची मूठ हलकेच दाबतो, बोटे जुळवतो आणि एकेक बांगडी चढवतो. वेगळा काढलेला खोका त्याच्या पायाशी असतो. मुलगी त्यातल्या लाल-पांढऱ्या बांगड्यांकडे बोट दाखवते. “त्या नको, बेटा,” तो म्हणतो, “दिसायला छान आहेत, पण त्यांचं आपसात पटत नाही.” आणि फळीवरून दुसऱ्या काढून देतो.